हाऊजीसाठी बाजूला काढलेली साडी

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी कपडे वाटतात. लोक आठवडाभर पिशव्या आणून ठेवतात. कोणी काय दिलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, अशी रीत आहे. पिशव्या उघडून कपडे निवडायचं काम आम्हा कॉलेजच्या मुलामुलींकडे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हे काम मिळालं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तासाभरातच डोकं तापलं. हूक नसलेले ब्लाउज, कॉलर विरलेले शर्ट, एक मोजा. एकच. कोणीतरी तो धुऊन, घडी घालून पाठवला होता. सकाळी मिस्साला शेजाऱ्यावर प्रेम करायचं ऐकून माना डोलावल्या त्याच लोकांचं हे देणं. लहानपणी याच टेबलावरून मला फ्रॉक मिळायचे. त्यांची चेन कधी लागायची नाही, आई सेफ्टी पिना लावून द्यायची. तेव्हा मला राग येत नसे. तो सगळा आता एकदम आला.

मग एका पिशवीतून निळी साडी निघाली. शिकवणीच्या पहिल्या पैशांतून मी ती हिंदमाताच्या कपडा बाजारात घेतली होती, आईला नाताळात नेसायला. घडीही मोडलेली नव्हती.

आई परळच्या एका इस्पितळात आया आहे. मी बाहेर जाऊन तिला फोन लावला.

"आई, साडी इथे काय करतेय?"

"मग काय देऊ? माझा जुना गाऊन?"

"मी तुझ्यासाठी घेतली होती."

"म्हणून तर दिली. घरात तेवढीच चांगली होती. ठेव आता, ड्युटीवर आहे मी."

साडी गुपचूप घरी न्यायची, असं ठरवूनच मी आत आले. पण साडी जागेवर नव्हती. कमिटीतल्या एका आंटीने ती नाताळात खेळायच्या हाऊजीच्या बक्षिसांत, कुकरच्या खोक्यावर ठेवली होती.

"आंटी, ती वाटायची आहे."

"अगं, इतकी चांगली त्यांना कशाला? नेसून भांडी घासणार. हाऊजीला शोभेल."

त्यांना म्हणजे आम्हालाच. दहा वर्षांपूर्वी आम्ही त्याच रांगेत होतो.

तोवर दार उघडलं होतं. रांगेत पुढे वरळीच्या बीडीडी चाळीतली एक मावशी होती. ती दर रविवारी आमच्या मागच्या बाकावर बसते. मी साडी उचलली आणि तिच्या हातात दिली.

"ठेव ती खाली," आंटी म्हणाली.

मोठ्या माणसांसमोर माझं वाक्य कधी पुरं होत नाही. त्या दिवशी झालं. "माझ्या आईची आहे ती. कोरी आहे. तिने स्वतः न नेसता दिलीय, तुमच्या हाऊजीसाठी नाही."

हॉलमधले सगळे बघायला लागले. मावशीने साडी हळूच टेबलावर ठेवली.

"तुझ्या आईची कशी घेऊ गं? दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर तीच असते."

आणि ती काहीच न घेता निघून गेली. मी साडी पिशवीत कोंबून घरी आणली. कोणी अडवलं नाही.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती आंटीवर चिडेल असं मला वाटलं होतं.

"नाव का घेतलंस माझं?"

"मग काय, गप्प बसायचं होतं?"

"भांडायचं होतं. नाव न घेता." आईचा आवाज चढला. "उद्या वरळीला जा, मावशीची माफी माग. साडी नेऊ नकोस. तिला वाटेल परत गळ्यात मारायला आलीस."

दुसऱ्या दिवशी वरळीला गेले. मावशी दारात बसून मेथी निवडत होती. मी तीनदा माफी मागायला सुरुवात केली. तिने मध्ये मदत केली नाही, माझं पुरं होऊ दिलं.

"काल एवढी तापलीस," ती म्हणाली, "ती माझ्यासाठी, की साडीसाठी?"

आंटीवरचा राग अजून डोक्यात होता, पण आता स्वतःचाही येत होता.

तिने देठं कागदात गुंडाळली. "आहे का अजून ती?"

"आहे."

"मग आईला सांग, बुधवारी घेऊन ये. मी घरी असते." मी उठले, तेव्हा म्हणाली, "तू नको येऊस."