बोंब ठोकू नये

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. सबंध नोकरी ओव्हरसियर म्हणून पूल आणि मोऱ्या बांधण्यात गेली. स्मशानाला लागून तंबू ठोकून राहिलो, पण मला छळलं ते डासांनी आणि ठेकेदारांनी. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं... एरवी मीही हसलो असतो.

पेन्शन घेतल्यावर भोरच्या पुढे, आंबवड्याजवळ डोंगराच्या पायथ्याचा एक माळ विकत घेऊन मी लहानसा बंगला बांधला. हवा उत्तम, पाणी गोड. पुण्याची मंडळी हवापालटासाठी तो भाड्यानं घेत. आता पुण्याचा माणूस स्वतःच्या घरी जेवढा शिस्तीचा, तेवढाच भाड्याच्या घरात मोकाट! पहिल्याच वर्षी ग्रामोफोनवरून मारामारी झाली, चोरून मटणाच्या पार्ट्या झाल्या, विहिरीत बाटल्या सापडल्या. माझं डोकं फिरलं. एक फळी रंगवून व्हरांड्यात टांगली — दिवेलागणीनंतर ग्रामोफोन बंद, पाहुण्यांचे पाहुणे चालणार नाहीत, आवारात बंदुकीचा बार काढू नये. आणि सगळ्यात शेवटी : बोंब ठोकू नये.

हा शेवटचा नियम माझा नव्हे. तो ठकूबाईचा. माळ तिचाच होता. विकल्यावरही ती म्हातारी आणि तिचा एकुलता एक मुलगा कोंडिबा बंगल्यामागच्या खोपटात राहत, आणि कोंडिबा बंगल्याची राखण करी. व्यवहाराच्या वेळी तिनं एवढी एकच अट घातली. गाणी म्हणा, भांडणं करा, तिची हरकत नव्हती.

"पर हितं पालथा हात तोंडावर न्हाई न्यायचा, सायब," ती म्हणाली. "बोंब ठोकली की मानसं येत्यात."

मी म्हटलं, येणारच की. बोंब त्यासाठीच असते.

"व्हय," ती म्हणाली. "त्येच म्हंते म्या."

कोंडिबानं नंतर हकीगत सांगितली. त्याच्या पणज्याच्या लहानपणी याच माळावर त्यांचं घर होतं. भर पावसाळ्यात दरोडा पडला. बायांनी बोंब ठोकली, वरच्या वाडीतले गडी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावले, पण मधल्या ओढ्याला पूर होता. ते कमरेएवढ्या पाण्यातून पोचेपर्यंत घर कापून काढलेलं. कणगीत लपवलेला पणजा तेवढा वाचला. गडी तसेच दरोडेखोरांच्या मागे गेले आणि एकही परत आला नाही. वाडी उठली. वर आता नुसती जोती उरली आहेत. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षी शिमग्याला पुण्याचे चार तरुण उतरले. चांगल्या घरचे होते, म्हणजे वाह्यातपणाची सोय घरूनच झालेली. धुळवडीच्या सकाळी त्यांना आंबेमोहोर तांदूळ हवा झाला. तांदूळ पारखून घ्यायचा म्हणून मीही कोंडिबाबरोबर गाडीत बसून उत्रोलीला गेलो. दुपारी परतलो तेव्हा आवारात पाय टाकायची सोय नव्हती.

एकजण विहिरीच्या काठाशी पडला होता, कवटी फुटलेली. दुसऱ्याचे दोन्ही हात कोपरापासून उलटे वळलेले. तिसरा गुडघ्याचा चेंदा धरून ओरडत होता. आणि चौथ्याला साधा ओरखडाही नाही! अंगावर पांढरी चादर, कपाळाला गुलाल, जमिनीवर आडव्या टाकलेल्या शिडीवर तो बसला होता.

त्यांनी धुळवडीची प्रेतयात्रा काढली होती. याला प्रेत करून शिडीवर निजवलं आणि बाकी तिघे भोवती बोंबा मारत फिरत होते. डोंगरावरून दहा-पंधरा माणसं धावत आली, म्हणाला. धापा टाकत होती. त्यांनी शिडीवरच्या प्रेताकडे पाहिलं, भोवतीच्या तिघांकडे पाहिलं, आणि काठ्या चालू केल्या.

"माझ्या तोंडात मात्र एकानं ओंजळीनं पाणी घातलं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

कवटी फुटलेला पोरगा भोरच्या वाटेवर, माझ्या मांडीवरच गेला. मला तो आवडत नव्हता, पण असं मरण कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला, दोन शिपाई घेऊन. जखमींनी सांगितलं होतं, की मारणारे पागोटेवाले शेतकरी होते, हातात काठ्या होत्या. कोंडिबा शेतकरी, डोक्याला पागोटं, हातात राखणदाराची काठी. झालं, खुनी सापडला! तो माझ्याबरोबर उत्रोलीला होता, हे मी घसा फोडून सांगितलं. फौजदारानं मला पेन्शन सांभाळायला सांगितलं आणि कोंडिबाला व्हरांड्याच्या खांबाला बांधलं.

त्याला बाकीच्यांची नावं हवी होती. कोंडिबा म्हणे, "न्हाई ठावं." की नडगीवर दंडुका. पुन्हा प्रश्न, पुन्हा "न्हाई ठावं," की तोंडावर बूट. दात फरशीवर पडले. मग फौजदारानं त्याचा एक हात सोडवून बोटं दाराच्या फटीत धरवली आणि शिपायाला दार लावायला सांगितलं. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. मी फौजदाराची गळपट्टी धरायला धावलो, तर दुसऱ्या शिपायानं पोटात दंडुका घातला आणि मी अंगणात कोसळलो. दिवस मावळायच्या आत नावं नाहीतर मुडदा, असं फौजदार शांतपणे म्हणाला. तो खरंच मारणार होता. मला त्याविषयी शंका नव्हती.

ठकूबाई त्याच्या पाया पडली. त्यानं तिला लाथेनं उडवलं. म्हातारी उठली, पदर सारखा केला, अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पालथा हात तोंडावर नेला.

जन्मभर शिमग्याच्या बोंबा ऐकल्या, पण ही तसली नव्हती. 

वाळल्या गवतात अनवाणी पावलं वाजली. भर उन्हात ते उतारावरून आले. भूतबीत काही नाही, चारचौघांसारखी माणसं, छात्या भात्यासारख्या चाललेल्या. पहिली काठी फौजदाराच्या मनगटावर बसली, दुसरी खांद्यावर, मग मोजायची सोय राहिली नाही. भात झोडपावं तसं झोडपलं. दार लावणाऱ्या शिपायाचा जबडा एका फटक्यात बाजूला गेला. दुसरा पळाला, त्याला विहिरीपाशी गाठून कुऱ्हाडीच्या दांड्यानं पाठ फोडली. एकजण मला ओलांडून गेला तेव्हा त्याच्या धोतराचं पाणी माझ्या तोंडावर गळलं. गार पाणी. सगळ्यांची धोतरं कमरेपर्यंत भिजलेली होती. फाल्गुनात आमच्या ओढ्यात चिमणीला चोच बुडवायलाही पाणी नसतं.

एकानं कोंडिबाची दोरी कापली. मग त्यांच्यातला एक उंच गडी ठकूबाईसमोर येऊन उभा राहिला. त्याला दम धरवत नव्हता.

"उशीर तर न्हाई झाला, बाय?"

"न्हाई रं बाबा," ती म्हणाली. "येळंवर आलात."

तो मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. बाकीच्यांनी त्याला हाताला धरून उठवलं. आले तसे ते चढावरून गेले, आता सावकाश.

फौजदार जगला. घोड्यावरून पडल्याचं त्यानं वर कळवलं, आणि खुनाचा तपास अज्ञात दरोडेखोरांवर ढकलून मिटला. कोंडिबाची दोन बोटं वाकडीच राहिली, पण त्याच हातानं तो अजून माझा बंगला राखतो. आई गेली, तिला खांदा त्यानंच दिला.

मी पुष्कळ डोकं चालवलं. डोंगरातले फरारी लोक असतील म्हणावं, तर ते पाणी कुठलं? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि कुणा शहाण्याला सापडलं तरी मला ते पटेलसं वाटत नाही.

बंगला अजून भाड्यानं देतो. फळी नव्यानं रंगवून घेतली, बाकीचे नियम तेच ठेवले. शेवटच्याला फक्त दोन शब्द जोडले : गरज नसताना बोंब ठोकू नये.