घुंगरमाळेची गाडी

श्रीगोंद्याच्या रस्त्यावर एका हॉटेलाजवळ माझी छोटी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून मी चहा घेत होतो. तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. वळून बघतो तर एक भलीमोठी, काळीशार, परदेशी इलेक्ट्रिक गाडी! तिच्या बंपरला चक्क बैलाची घुंगरमाळ बांधलेली.

आत पांढऱ्या टोपीतले एक ऊस बागायतदार होते. नाव काही मी विचारलं नाही. दार उघडून त्यांनी आधी पिशवीतल्या चपला खाली ठेवल्या, मग त्यांत पाय घातले. आतला गालिचा मळू नये म्हणून ते गाडी अनवाणीच चालवत. चार्जरची केबल लावली आणि विहिरीवरच्या मोटारीला लावावा तसा बॉनेटला कान लावला.

"चालू झालं का बंद हाय, कायच कळत न्हाई."

मी घुंगरांचं विचारलं.

"वडलांना दिसत न्हाई. जुनी जीप वळनावर आली की आवाज वळखून सूनबाईला चहा टाकायला लावायचे. ही मुकी गाडी दारात आली तरी त्यांना पत्ता न्हाई. लई दिस बिनचहाचा बसलो. मग गोठ्यातली माळ बांधली."

"आता कळतं त्यांना?"

"व्हय की, चहा तयार असतो." टॉवेलनं बॉनेट पुसता पुसता त्यांनी आवाज खाली आणला. "लई खूश हायेत. गावभर सांगत्यात, पोरानं गाडी इकून बैल घेतले, शेवटी शहाना झाला."