स्केल्बीचा समुद्र

आजी आजोबांना तीन तऱ्हांनी हाक मारते. सगळं ठीक असलं की 'क्लिफ'. काही सांडलं, हरवलं किंवा करपलं की 'क्लिफर्ड'. आणि 'क्लिफर्ड एंटविसल' असं पूर्ण, कोर्टातल्या शिपायासारखं, ते फार क्वचित. मी ते दोनदाच ऐकलंय. पहिल्यांदा, आजोबांनी तिच्या केकच्या भांड्यात प्लास्टर कालवलं तेव्हा. दुसऱ्यांदा जुलैतल्या त्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, गॅरेजच्या दारात.

"क्लिफर्ड एंटविसल, तू आत अडकलायस का?"

"अडकलो नाहीये," आतून आवाज आला. "थांबलोय."

आजोबांचा आवाज नाकातून निघतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द ते अर्धा गिळतात. खोटं बोलताना मात्र शेवटचा शब्द स्वच्छ येतो. 'थांबलोय' अगदी स्वच्छ आला होता.

आमच्या गॅरेजमध्ये मोटार कधीच उभी राहिलेली नाही. चारी भिंतींना लागून छातीइतक्या उंचीवर फळ्या आहेत, फळ्यांवर आजोबांची छोटी मॉडेल रेल्वे, आणि मधे एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा. त्या जागेला आजी 'विहीर' म्हणते. विहिरीत उभं राहून आजोबा गाड्या चालवतात. जायचा रस्ता एकच. बागेकडचं दार उघडलं की समोर आडवी फळी येते. तिच्याखालून रांगत आत शिरायचं. अकरा वर्षांपूर्वी आजोबा एकसष्टचे होते, तेव्हा ते खारीसारखे आत जायचे. आता ते बहात्तरचे आहेत आणि फळी आहे तिथेच आहे.

"बिजागरी लाव म्हणून कधीपासून सांगतेय," आजी म्हणाली. तिच्या हातात झारी होती. दारासमोरच्या तिच्या काचघरात ती टोमॅटोंना पाणी घालत होती, तेव्हाच आतून हाक आली होती. "उचलती फळी कर, म्हणजे माणसासारखं चालत आत जाशील. पण नाही."

"समुद्राला बिजागरी नसते, ग्लेनिस."

कारण दारासमोरच्या त्या फळीवर समुद्र आहे. स्केल्बीचा समुद्र.

आजोबांच्या लहानपणी आमच्या गावात सुताच्या गिरण्या आणि सपातांचे कारखाने होते. सगळे मिळून वर्षातून एकच आठवडा बंद ठेवायचे, जुलैत. त्या शनिवारी धुराडी थंड व्हायची आणि अख्खं गाव बॅगा घेऊन समुद्रकाठच्या स्केल्बीला जायला स्टेशनावर लोटायचं. शेजारी स्केल्बीला, दूधवाला स्केल्बीला, शाळेत छड्या मारणारे मास्तरही स्केल्बीलाच, चड्डी गुडघ्यापर्यंत दुमडून. चार वर्षांचे असल्यापासून दहा वर्षांचे होईपर्यंत आजोबा दरवर्षी त्या गाडीने गेले. शेवटचं वर्ष एकोणीसशे बासष्ट. पुढे ती लाइनच बंद झाली आणि रूळ उखडले. आजोबा पंधराव्या वर्षी सपातांच्या कारखान्यात चिकटले ते अडतीस वर्षं तिथेच. तळवे कापायचे, दिवसाला शेकडो, डावा, उजवा, डावा, उजवा. पुढे एकसष्टाव्या वर्षी त्यांनी बासष्टचा तो एक शनिवार गॅरेजात बांधायला घेतला. स्टेशन, सिग्नल, सात डब्यांची गाडी. फलाटावर नखाएवढी माणसं: पिवळा रुमाल बांधलेली त्यांची आई, दोन बॅगा उचललेले वडील, बादली घेतलेले ते स्वतः आणि वेणीवाली मोठी बहीण. आणि फलाटाच्या आधी, गाडीच्या डाव्या खिडकीशी, समुद्र. एकावर एक अकरा थर, प्रत्येक थर आठवडाभर वाळवलेला. आजोबांच्या वडिलांचा नियम होता: ज्याला पहिल्यांदा समुद्र दिसेल, त्याला टॉफी.

तर त्या सकाळी एक सिग्नल खाली पडला, आजोबा उचलायला वाकले आणि त्यांचा उजवा गुडघा कुलूप लागल्यासारखा बसला. वळेना. उभं राहता येत होतं, उंच स्टुलावर टेकता येत होतं. रांगता येत नव्हतं. वरून चढून यावं तर फळ्यांचे पाय काडीसारखे. बाकीच्या फळ्या भिंतीत ठोकलेल्या. सुटण्यासारखी, म्हणजे कापण्यासारखी, एकच, समुद्राची.

"फायर ब्रिगेडला बोलावते," आजी म्हणाली.

"कुऱ्हाडी घेऊन येतात ते!"

"मग डॉक्टरला."

"तो रांगत येणार आहे का?"

"मग तू काय करणार आहेस?"

"थोडा वेळ बसतो. सुटेल आपोआप." 'आपोआप' अगदी स्वच्छ.

तासाभराने गुडघा टोपीएवढा सुजला. गॅरेजचं छप्पर पत्र्याचं, जुलैचं ऊन, आत तेलाचा आणि तापलेल्या तारांचा वास. आजोबांनी कॉलरचं बटण काढलं. मग दुसरं काढलं. आजोबा बटणं काढत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावरसुद्धा ते टाय लावून बसतात. ते हाताने फळीची कड धरत, सोडत, पुन्हा धरत होते आणि गाडी मात्र चालूच ठेवली होती. गाडी स्केल्बीला यायची, क्षणभर थांबायची, मागच्या बोगद्यातून फिरून पुन्हा यायची.

"बंद कर ती," आजी म्हणाली. "मला गरगरतंय."

"ती थांबली की मला जास्त..." एवढं बोलून त्यांनी पुन्हा कड धरली. मग म्हणाले, "कारखान्यात निदान सुटीचा भोंगा व्हायचा."

आजीने चीज-कांद्याचं पॅटिस आणि चहाचा मग फळीवरून पुढे केला.

"समुद्रावरून नको! कण सांडतात!"

"मग कुठून देऊ? विमानातून टाकू?"

शेवटी तिने हात लांब करून, टाचा उंचावून दिला. आजोबांनी पॅटिस खाल्लं, चहाला हात लावला नाही. मग आमच्या लक्षात आलं की ते मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देताहेत, आणि ते काही गुडघ्यामुळे नव्हतं.

"क्लिफ," आजी हळूच म्हणाली, "किती वेळ धरवेल?"

"दोनपर्यंत."

दोनला आजोबांच्या मॉडेल क्लबची माणसं रेल्वे बघायला येणार होती. नऊ जण. आजीने झारी खाली ठेवली आणि बेरिलआत्याला फोन लावला.

बेरिलआत्या म्हणजे आजोबांची मोठी बहीण, फलाटावरची वेणीवाली. बाबा तिला आत्या म्हणतात म्हणून आम्ही नातवंडंही. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि बोलताना मधे श्वास घेत नाही. तिचा नवरा सुतार होता. त्याची करवत तिने बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घालून आणली, मूठ वर, लांब पावासारखी.

"कुठे आहे तो आमचा हिरा? काय रे, किती वेळचा आहेस आत, आईने कपाटात कोंडलं होतं तेव्हाही असाच चेहरा केला होतास, बटणं लाव आधी, ही घे करवत, कुठे कापायचंय?"

"कुठेही नाही."

तेवढ्यात ट्रेव्हर हॉल्डन आले. क्लबचे सेक्रेटरी. ते नेहमी तासभर आधी येतात आणि नोटीस वाचल्यासारखं बोलतात. अडकलेल्या माणसाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग गाडीकडे.

"नमस्कार, क्लिफ. तिसऱ्या डब्याचा तपकिरी रंग बासष्ट साली बदललेला होता, याची कृपया नोंद घ्यावी."

"घेतली," आजोबा दात आवळून म्हणाले.

"दिव्याच्या खांबांबद्दल मी मागेच लेखी कळवलं आहे."

"ट्रेव्हर," आजी म्हणाली, "त्याला बाथरूमला जायचंय."

"अरे," ट्रेव्हर म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

बेरिलआत्याने फळीवर टिचकी मारली. "एवढीच ना कापायची? दोन मिनिटांचं काम."

"बेरिल, हात लावू नकोस. तो समुद्र आहे."

"मग पुन्हा कर. निळा रंगच तर आहे."

"अकरा थर आहेत. ही जागा गेली तर राहिलं काय? घरून निघालो आणि पोचलो, एवढंच. मधला तो क्षणच जातो, बाबा 'डावीकडे बघा रे' म्हणायचे तो. मी तो क्षण मोडणार नाही. इथेच बसेन."

"आणि बाथरूम?"

"इथेच बसेन," आजोबा पुन्हा म्हणाले. या वेळी शेवटचा शब्द पार गिळून. म्हणजे खरंच बसले असते.

बेरिलआत्या गप्प झाली. हे इतकं नवीन होतं की आजीनेही मान वळवून पाहिलं. आत्याने समुद्राकडे पाहिलं, मग फलाटावरच्या वेणीवालीकडे, मग पिशवीच्या चाकांकडे.

"क्लिफ, तिथे समुद्र नव्हता."

"काय?"

"गाडीतून समुद्र दिसायचाच नाही रे. मधे वाळूच्या टेकड्या होत्या. स्टेशनातून बाहेर पडून, घोड्यांच्या हौदापाशी वळून, मग दिसायचा."

"तू दरवर्षी ओरडायचीस. 'दिसला' म्हणून."

"टॉफीसाठी ओरडायचे."

"बाबा द्यायचे की टॉफी!"

"बाबा खिडकीतून बघत नसत. ते बॅगा मोजायचे. तू आईच्या मांडीवर, पलीकडच्या बाजूला. तुझी मान पोचेपर्यंत मी म्हणायचे, गेला."

आजोबांनी दोन्ही हातांनी कड धरली. "मी स्वतः पाहिलाय. एकदा. चमकत होता."

"ती काचघरं होती. टोमॅटोची. उन्हात चमकायची."

गाडी बोगद्यातून निघाली, समुद्राच्या कडेने गेली आणि स्केल्बीला थांबली.

"ट्रेव्हर," आजोबा म्हणाले, "तुझ्याकडे त्या लाइनचे नकाशे आहेत. सांग हिला."

खांबाची उंची, डब्याचा रंग, स्टेशनमास्तरच्या टोपीचा बिल्ला, यांतली एक चूक ट्रेव्हर हॉल्डननी कधी कुणाला माफ केलेली नाही. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"टेकड्या आहेत," ते म्हणाले. "अठरा फूट उंच. नकाशात."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिला थर दिलास तेव्हापासून."

"आणि तू बोलला नाहीस? दिव्याच्या खांबांवर पत्र लिहिलंस, आणि यावर नाही?"

ट्रेव्हरनी घसा साफ केला. नोटीस वाचायचा आवाज आलाच नाही. "छान झाला होता रे समुद्र," ते म्हणाले.

आजोबांनी गाडी बंद केली. सकाळपासून पहिल्यांदा गॅरेजात चाकांचा आवाज नव्हता, आणि तेव्हा कळलं की आपण सगळेच इतका वेळ तो ऐकत होतो. मी आजोबांच्या चेहऱ्याची नक्कल नेहमी करू शकते. त्या वेळच्या चेहऱ्याची अजून जमलेली नाही. ते फलाटावरच्या आपल्याच नखाएवढ्या बादलीवाल्याकडे बघत होते.

"दे," ते म्हणाले.

"मी कापते," बेरिलआत्या म्हणाली.

"तू बरंच केलंयस. दे इकडे."

त्यांनी गाडी मागे घेऊन बोगद्यापाशी उभी केली. रूळ बारीक पक्कडीने तोडले. मग करवत लावली. आजोबांना काही कापताना मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही जन्मलो तोवर कारखाना संपला होता. हात कोपरापासून हलतच नव्हता, नुसतं मनगट. डावीकडची रेघ, मग उजवीकडची, खूण न करता, दोन्ही सरळ. निळा भुसा त्यांच्या बुटांवर पडत होता. ट्रेव्हरनी आणि आजीने दोन बाजूंनी फळी तोलून धरली होती. शेवटचा हात उरला तेव्हा आजोबा थांबले, कपाळ पुसलं, आणि करवत ओढली.

समुद्र अख्खा निघाला. तो बागेतल्या गवतावर नेऊन ठेवला, तर एक मुंगी लगेच लाटेवर चढली.

आजोबा बाहेर आले ते ट्रेव्हरच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत, कुणाकडेही न बघता, थेट घरात. परत आले तेव्हा बटणं लावलेली होती. आजीने त्यांना दाराबाहेर बागेतल्या खुर्चीत बसवलं, पाय बादलीवर ठेवला, गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी.

"हलायचं नाही."

"म्हणजे हे पुन्हा तेच," आजोबा म्हणाले.

"इथे वारा आहे."

ते त्या भगदाडाकडे बघत बसले. दोन वाजायला दहा मिनिटं होती. "नऊ माणसं येणार," ते म्हणाले, "आणि गाडी पोचतच नाही."

तेव्हा आजी आत गेली. ती अकरा वर्षांत एकदाही आत गेली नव्हती. तिने रांगायला साफ नकार दिला होता. आता ती चालत गेली, विहिरीत उभी राहिली, चहूकडे फिरून बघितलं.

"क्लिफ, हे बटण कसलं?"

"कुठल्याही बटणाला..."

गाडी निघाली.

"ग्लेनिस! पुढे रूळ नाहीत! ग्लेनिस!" आजोबा उठू बघत होते, ट्रेव्हर आणि बेरिलआत्या त्यांना दोन्ही खांदे धरून दाबत होते. मटार गवतावर.

"मला दिसतंय. डोळे आहेत मला."

सात डबे वळणावरून आले आणि तुटलेल्या कडेपाशी, बोटभर अंतर ठेवून, थांबले. नेमके. आजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, इतकी की तिचं डोकं डब्याच्या खिडकीशी आलं. गाल फळीला टेकवून तिने त्या खिडकीतून, भगदाडातून, दारातून बाहेर पाहिलं. दारासमोर तिचं काचघर होतं आणि ऊन बरोबर त्याच्या छपरावर आलं होतं.

"दिसला," आजी म्हणाली.

"काय दिसला?"

"टॉफी काढ, क्लिफ."