माळावरचा उंबरठा

माझं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात धरणी हलली. ठाण्याला आमच्याकडे फळीवरची भांडी पडली आणि एक मांजर पळालं, तेवढंच. कल्याणला माझ्या सासरी मात्र घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. आसपासच्या घरांचंही तेच. सबंध आळी घाबरली आणि बाडबिस्तारा उचलून तळ्यापलीकडच्या माळावर झोपड्या बांधून राहिली. मुहूर्त काही भूकंपासाठी थांबत नाहीत. लग्न ठाण्याला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी वरात आगगाडीने कल्याणला पोचली.

माळावरची ती वस्ती म्हणजे बांबू, तट्टे आणि वर झावळ्या. पण झोपड्या उभारताना आळीतला क्रम कोणी मोडला नव्हता. तिथले शेजारी ते इथेही शेजारी. ज्या दोन घरांतून विस्तव जात नव्हता, त्यांनी मध्ये मुद्दाम दुहेरी तट्टा लावला होता. तरी एकीकडे फोडणी पडली की दुसरीकडे शिंका येत, आणि त्या शिंकांवरून रोज नवं भांडण होई.

आमच्या झोपडीचं दार म्हणजे गोणपाटाचा पडदा. सासूबाई तांदळाचं माप घेऊन पुढे आल्या आणि खाली बघून थबकल्या. उंबरठाच नव्हता. नव्या सुनेने उंबरठ्यावरचं माप उजव्या पायाने लवंडून घरात यायचं, आणि इथे आतली माती आणि बाहेरची माती एकच.

मग जो तो शहाणा झाला. कोणी म्हणालं, मुसळ आडवं टाका. कोणी पाट सुचवला. शेजारच्या काकूंनी रांगोळीची रेघ ओढून दिली, ती मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, येरझाऱ्या घालता घालता पुसून टाकली. शेवटी भटजींनी सांगितलं की उंबरठा घराचाच हवा. तेव्हा मामंजी धाकट्या भावाला आणि एका पहारीला बरोबर घेऊन गावातल्या घराकडे निघाले.

मी सकाळपासून उपाशी होते. भुकेने माझं डोकं फिरतं, ते आजही फिरतं. आतून लाडवांचा वास येत होता. नवऱ्याच्या शेल्याची गाठ माझ्या पदराला, आणि त्याला बापामागे जायची भारी हौस. तो दोनदा धावला, दोन्ही वेळा मी फरफटले. मग मी सरळ खाली बसले. तोही बसला. आमच्या संसारातलं ते पहिलं एकमत.

तेवढ्यात गावाकडून धडाम आवाज आला. पुन्हा भूकंप, म्हणून माळावर एकच पळापळ झाली. काही जण दार सोडून तट्ट्यातूनच बाहेर आले. थोड्या वेळाने धुळीने माखलेले दोघे भाऊ उंबरठा खांद्यावर घेऊन येताना दिसले. उंबरठा उचकटताना चौकट सुटली होती आणि चौकटीबरोबर पुढची भिंत बसली होती. भूकंपाला जे जमलं नाही, ते आमच्या माणसांनी एका पहारीने करून दाखवलं. सगळा माळ हसला.

हसल्या नाहीत त्या आत्तेसासूबाई, मामंजींच्या थोरल्या बहीण. त्या म्हणाल्या, "मुलगी पांढऱ्या पायाची निघाली. दाराशी आली आणि घर पडलं."

हसणं बंद झालं. माझी भूक कुठल्या कुठे गेली. हा शिक्का एकदा बसला की बाईच्या मरणापर्यंत पुसत नाही. माझ्या मावशीवर तो बसलेला होता, तिच्या सासरी म्हैस आटली तरी नाव तिचंच. मला उठून आईकडे पळावंसं वाटत होतं, पण पदराला गाठ होती. मी फार भ्यायले होते.

सासूबाईंनी उंबरठ्याची धूळ पदराने पुसली. तो पडद्याखाली आडवा बसवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि माप ठेवलं. मग नणंदेकडे न बघताच म्हणाल्या, "वन्सं, ती अजून आत आलीय कुठं? पायगुण बघायचाच, तर घरात जे दोघे गेले होते त्यांचा बघा."

मामंजी आपल्या पायांकडे बघू लागले. सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "लवंड आता. चांगलं जोरात."

मी असा पाय मारला की निम्मे तांदूळ आत्तेसासूबाईंच्या अंगावर गेले. त्या पदर झटकत राहिल्या, आणि मी आत गेले.