कुंदाताईंना घरी पोचवताना

पुण्याहून निघालेल्या गाडीनं इटारसी सोडलं तशा कुंदाताई खिडकीला चिकटल्या त्या हलेचनात. आमचं तिकीट जबलपूरचं होतं. पण एक स्टेशन आधी, मदन महलला, गाडी थांबते न थांबते तोच त्यांनी पिशवी उचलली आणि दार गाठलं.

"अहो, जबलपूर अजून यायचंय!" मी मागून ओरडले.

"तुमचं यायचं असेल. माझं आलं," असं म्हणून त्या उतरल्याही.

मी बॅग, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि अंगावरची चादर असं सगळं कवटाळून मागोमाग उतरले. चादर रेल्वेची होती हे फलाटावर ध्यानात आलं, तोवर गाडी हलली होती. जबलपूरच्या भूमीवर पहिलं पाऊल पडलं ते असं, चोरीच्या मालासकट.

मी साताऱ्याजवळच्या एका निवारागृहात समाजकार्यकर्ती आहे. मनाच्या आजारात घर सुटलेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या बायका आमच्याकडे येतात. उपचारांनी सावरल्या की त्यांचं घर शोधायचं आणि त्यांना पोचवायचं, हे माझं काम. कुंदाताई आम्हाला महामार्गावर सापडल्या होत्या. त्यांच्या कानात आवाज यायचे. ते गोळ्यांनी थांबले, पण गावाचं नाव काही आठवेना. त्यांचं 'येऊन राहिले, करून राहिले' ऐकून आम्ही नागपूर, वर्धा, अमरावती पालथी घातली. नर्मदेकाठी मराठी घरं पिढ्यानपिढ्या नांदतात, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. शेवटी एका दिवाळीत पानात जिलबी पडली आणि कुंदाताई चिडल्या. "ही काय जिलबी? जिलबी काळी असते, खोव्याची." आमच्या स्वयंपाकीणबाईंचा भाऊ नोकरीनिमित्त जबलपूरला राहून आलेला. तिथून धागा मिळाला, मग पोलिसांच्या मदतीनं घर मिळालं.

कुंदाताईंचे यजमान प्रभाकरराव तिथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. हे कुंदाताईंना सांगायचं कसं म्हणून मी दोन दिवस शब्द जुळवत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "करणारच. ऋचा सहा वर्षांची होती. तिची वेणी कोण घालणार?" ऋचा म्हणजे त्यांची मुलगी, आता पंधराची. व्हिडिओ कॉल लावून देते म्हटलं तर नको म्हणाल्या. "लेकीला समोर पाहीन. ती मला ओळख देते का ते पाहीन. घरात ठेवणं न ठेवणं नंतरचं."

अशा भेटीआधी घरच्यांची तयारी करून घ्यायची असते, हा आमच्या कामाचा पहिला धडा. मी प्रभाकररावांना दोनदा फोन केला होता. "घरात सगळ्यांना सांगितलंत ना?" "हो जी, हो जी." दोन्ही वेळा हेच उत्तर. मला वाटलं, तयारी झाली.

स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले, मंगोडे (मुगाच्या डाळीची भजी) खाल्ले आणि ती काळी जिलबीही खाल्ली. दिसायला जळल्यासारखी, चवीला अप्रतिम. कुंदाताईंनी बोटं चाटली. मग मी रिक्षावाल्याला माझ्या खास हिंदीत पत्ता सांगू लागले. "भैया, वो टेकडी के पायथे को जो कॉलनी है ना..." त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसा न ताई. मराठीत सांगा, लवकर पोचू."

रस्ता चढ-उताराचा, दोन्ही बाजूंना प्रचंड काळे दगड, एकावर एक रचून ठेवलेले. त्या दगडांना टेकून लोकांनी घरं बांधली आहेत, गाड्या धुतात, कपडे वाळत घालतात. मला मात्र प्रत्येक दगड आत्ता पडेल असं वाटत होतं. कुंदाताईंचं दगडांकडे लक्ष नव्हतं. त्या पदरानं कपाळ पुसत होत्या आणि पुन्हा कुंकू नीट करत होत्या.

दार उघडलं ते एका तिशी-पस्तिशीच्या बाईंनी. नऊवारी, हाताला पीठ, चेहऱ्यावर घाम. ह्या वर्षाताई, प्रभाकररावांच्या दुसऱ्या पत्नी.

"अच्छा, आल्या तुम्ही! मी वाटच पाहून राहिले होते. पोतदारकाकूंनी पाठवलं न?"

"नाही, म्हणजे प्रभाकररावांशी माझं फोनवर..."

"ह्यांनीच सांगितलं का? चलो, बरं झालं. या न, पाय धुवा. पानं वाढलीच आहेत."

मी थक्क झाले. आजवर कित्येक बायका पोचवल्या. कुठे दार उघडलं नाही, कुठे उघडून परत लावलं गेलं. इथे तर आमचे पाय धुवायला पाणी! पाट मांडलेले, रांगोळी काढलेली, पानात वडे, खीर, आळूची भाजी, आमसुलाची चटणी. सवतीचं एवढं स्वागत करणारी बाई मी पाहिली नव्हती. संस्थेच्या पुढच्या प्रशिक्षणात हे घर उदाहरण म्हणून सांगायचं, असंही मनात ठरवून टाकलं. पण वर्षाताई कुंदाताईंच्या तोंडाकडे निरखून कशा पाहत नाहीत, याचं जरा नवल वाटत होतं.

वडा मोडला आणि समोर लक्ष गेलं. चौरंगावर एक फोटो, त्याला झेंडूचा हार. विशीतली नवी नवरी, कपाळावर मोठी चिरी. मी फोटोकडे पाहिलं, चटणीकडे पाहिलं, तारीख आठवली. पितृपंधरवडा. अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचा दिवस.

जिच्या नावाचं जेवण, ती माझ्या शेजारी बसून खीर ओरपत होती.

उठायचं? ओरडायचं? की काही झालंच नाही असं दाखवायचं? एवढं शिक्षण घेतलं, शिबिरं केली, पण अशा वेळी काय करावं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी अर्धवट उठले, तर कुंदाताईंनी माझा हात दाबून खाली बसवलं.

"पानावरून उठू नये," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. मग मोठ्यानं म्हणाल्या, "वडा वाढा अजून एक. छान झालाय."

वर्षाताई खूश. "वाटलं होतं, सवाष्ण मिळतच नाही. आजकाल श्राद्धाला बसायला कोणी येत नाही न. काकूंचे गुडघे दुखून राहिले. मी म्हटलं, मोठ्या ताई उपाशी जातात की काय."

"कशानं गेल्या तुमच्या मोठ्या ताई?" कुंदाताईंनी विचारलं. आवाज अगदी साधा.

"नर्मदाजीत. तिलवाऱ्याच्या पुलावर चपला सापडल्या. ह्यांनी भेडाघाटापर्यंत शोधलं, काही मिळालं नाही." वर्षाताईंनी गळ्यातला टाक हातात धरला. पहिल्या बायकोच्या नावानं दुसरीनं घालायचा तो चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची ओबडधोबड आकृती. "रोज हात जोडते. म्हणते, ताई, तुमची लेक सांभाळून राहिले, राग मानू नका."

कुंदाताई खाली मान घालून जेवत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी खिरीत पडत होतं आणि त्या ते खिरीसकट गिळत होत्या. मला तिथे इतकं रडू आलं की आमसुलाची चटणी तिखट लागली असं सांगावं लागलं.

जेवणं झाली. वर्षाताई कुंदाताईंची ओटी भरत होत्या, तेवढ्यात प्रभाकरराव आले. सकाळी श्राद्ध उरकून ते पिंड सोडायला ग्वारीघाटावर गेले होते. हातात रिकामा तांब्या. दारातच थांबले. कुंदाताईंचे केस पांढरे झाले होते, बारीक कापलेले होते, तरी त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. तांब्या खाली ठेवला आणि स्वतःही उंबऱ्यावर बसले.

"कुंदा," एवढंच म्हणाले.

वर्षाताईंनी फोटोकडे पाहिलं, समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातातला नारळ त्यांच्याच मांडीवर पडला. मला वाटलं, आता त्या कुंदाताईंवर धावून जातील. त्या वळल्या नवऱ्याकडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आठ दिवस झाले. सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"मग काल डाळ काहून भिजवू दिली मला? जिवंत बाईचं श्राद्ध रांधून राहिले मी सकाळपासून!"

प्रभाकररावांनी रिकामा तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवला. वाईट माणूस नव्हे तो. एक बायको मेली म्हणून रडला होता, ती जिवंत आहे हे दुसरीला कसं सांगावं हे त्याला सुचलं नव्हतं. गुरुजींना आधीच बोलावलेलं, तेही मोडवेना. मला राग यायला हवा होता, पण तो कुणावर काढावा तेच समजेना.

त्यातच ऋचा शाळेतून आली. दप्तर खांद्यावर, दोन वेण्या. "मम्मी, ये लोग कौन हैं?"

वर्षाताईच बोलल्या. "तुझी आई आहे."

मुलीनं एकदा फोटोकडे पाहिलं. "पर आप लोग तो बोले थे..." ती आत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं. कुंदाताई मागे गेल्या नाहीत. ओटीतले तांदूळ नीट पदरात बांधले आणि मला म्हणाल्या, "चला. आज एवढंच पुरे."

आम्ही एका लॉजवर उतरलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्ट धरला, तिलवाऱ्याला जायचं. मला धडकी भरली. नागपूर रस्त्यावरचा तो पूल, खाली नर्मदा, आणि काल लेकीनं दार लावलेलं. नेऊ की नको? मग शिकले होते तसं सरळच विचारलं. "कुंदाताई, मरायचं मनात येतं का?" असं विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

"नाही हो. तेव्हाही नव्हतं आलं."

पुलावर वारा होता. पाणी पावसाळ्याच्या शेवटचं, रुंद, मातकट. काठावर कुणी म्हैस धूत होतं. कुंदाताईंनी कठड्याला हात लावला. "आवाज म्हणून राहिले होते, चाल, चाल. नव्या चपला चावत होत्या, म्हणून इथं काढल्या. मग एक ट्रक थांबला."

"एवढंच?"

"एवढंच. त्यांनी त्याचं मरण केलं." त्या हसल्या, आणि हसता हसता कठडा धरून रडल्या. मी पाठीवर हात फिरवत राहिले. ज्या चपलांवरून एका घरानं इतकी वर्षं सुतक धरलं, त्या नुसत्या चावत होत्या.

परतताना त्यांनी निर्णय सांगितला. "त्या घरात नाही राहणार. ती बाई वाईट असती तर राहिले असते. आणि साताऱ्यालाही नाही येणार. इथंच राहीन. लेक शाळेत जाताना दिसेल."

आता आली का पंचाईत! आमच्याकडे दोनच रीती. बाई घरच्यांच्या हाती द्यायची, नाहीतर परत आणायची. बाई एका शहराच्या हाती द्यायची रीत नाही. एका सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेलो. रांग लांबलचक. तिथली तरुण समुपदेशक जीव लावून बोलली. एक गोळी इथे फुकट मिळेल, दुसरी जेनेरिक दुकानातून घ्यावी लागेल, महिन्याला तपासणी, अडचण आली तर फोनवर बोलायची सरकारी सोय आहे. मी विचारलं, सावरलेल्या बाईला राहायला काही जागा? ती म्हणाली, "दीदी, अस्पताल है और घर है। बीच का कुछ मुझे तो नहीं मालूम।" मग विचारलं, "यहाँ इनको देखेगा कौन?"

"मैं खुद," कुंदाताई म्हणाल्या.

"फिर भी, कोई एक?"

मी माझा नंबर दिला. हजार किलोमीटर दूर राहणारी काळजीवाहक! समुपदेशकही माझ्याकडे पाहतच राहिली.

राहायची सोय झाली ती पोतदारकाकूंकडे, म्हणजे त्या दिवशी गुडघ्यांमुळे न आलेल्या सवाष्णीकडे. त्या डबे करून देतात आणि पोळ्यांना हात हवाच होता. सगळी हकिगत ऐकून त्यांनी गुडघा चोळत विचारलं, "म्हणजे मी जेवायला येणार होते ते हिचं? अरे देवा!" मग मागची खोली उघडून दिली. मी अटी घातल्या, गोळ्या समजावल्या, आजार उलटण्याची लक्षणं सांगितली. काकू प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणत होत्या आणि आता मला ह्या दोन शब्दांची भीती बसली होती. ऋचा दोन दिवसांत एकदाही आली नव्हती. निघताना कुंदाताई म्हणाल्या, "तुम्ही जा. मी पोळ्या लाटून राहीन." लाटणं हातातच होतं, म्हणून मला नीट मिठीही मारता आली नाही.

गाडीत मी एकटी. जाताना शेजारी कुंदाताई होत्या, आता त्यांच्या जागी एक गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. मी योग्य केलं की एका बाईला परक्या खोलीत टाकून आले? लेकीनं दार उघडलंच नाही तर? आवाज परत आले तर? कायदा म्हणतो, बरं झालेल्या माणसाला कोंडून ठेवू नका, त्याला लोकांत राहू द्या. पण लोक म्हणजे कोण, हे कायद्यात नाही. इतकी वर्षं मी 'पुनर्वसन' हा शब्द अहवालात लिहिते आहे. ह्या खेपेला तो लिहायची हिंमत होईना.

साताऱ्याला पोचले त्या संध्याकाळी आमच्या संचालकबाईंनी विचारलं, "काय, पोचवलं का घरी?" मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात फोन वाजला. जबलपूरचा.

"ताई, मी वर्षा बोलून राहिले. मोठ्या ताईंची रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर?"

"तुम्ही काकूंकडे आहात का?"

"नाही जी, घरी. ऋचा गेली होती शाळेतून तिकडे, तीच घेऊन आली त्यांना. दोघी बसल्या आहेत जेवायला. सांगा न लवकर, वाढून राहिले मी."

"जेवणानंतर," मी म्हटलं.