'लुक'पुढचा शब्द

माझ्या मावशीनं बारा वर्षं डूख धरला, आणि बरं केलं. ती ऑफिसात टायपिस्ट. एकदा 'कॉल'पुढचा 'ऑफ' तिच्या हातून सुटला आणि रद्द झालेल्या मीटिंगला सगळे हजर झाले. साहेबांनी तिला उभं करून ते पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. लोक पोट धरून हसले.

त्याच संध्याकाळी तिनं वही आणली. डावीकडे इंग्रजी क्रियापद, उजवीकडे त्याची 'ऑफ', 'ऑन' अशी शेपटं. कुठलं लावलं की अर्थ कसा फिरतो ते. कणीक मळताना पाठ करायची. आम्ही भाचरं चिडवायचो, ती ढिम्म.

खरं तर साहेबांचंच इंग्रजी कच्चं. त्यांच्या चुका मावशी टाइप करताना गुपचूप सुधारायची आणि साहेब भाव खायचे. परवा ते नव्या लोकांना म्हणाले, "बाईंना सगळं मलाच शिकवावं लागतं."

मावशीनं ते ऐकलं. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या मॅडम पाहणीला येणार होत्या. 'तुमची काळजी मी जातीनं घेईन' असं साहेब त्यांना पत्रातून कळवणार होते. पण हातानं लिहिलेल्या मसुद्यात 'लुक'पुढे त्यांनी 'आफ्टर'ऐवजी 'ॲट' लिहिलं. म्हणजे मी जातीनं तुमच्याकडे बघत बसेन. मावशीनं ते जसंच्या तसं टाइप केलं. साहेबांनी नेहमीसारखी न वाचता सही ठोकली.

मॅडमचा फोन आला, तसे साहेब पांढरेफटक होऊन मावशीच्या टेबलाशी आले. तिनं त्यांच्याच अक्षरातला कागद पुढे केला.

"मोठ्यानं वाचा, साहेब," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येऊ दे."