सीटखालचं कुंकू

चावी फिरवली की माझ्या मोटारसायकलच्या टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो आणि थांबतो. टाकीतला छोटा पंप इंजिनाकडे पेट्रोल पोचवून ठेवतो, त्याचा हा आवाज. तो थांबला की मगच बटण दाबायचं, असं गाडी घेताना सांगितलं होतं. पण माझा डावा कान आधीच अधू, त्यात डोक्यावर हेल्मेट. मला तो कधी ऐकूच यायचा नाही. बायको मागे बसायची आणि आवाज थांबला की माझ्या खांद्यावर एक थाप मारायची. मग मी बटण दाबायचो. पाच वर्षं आमचं हे असंच चाललं. थापेच्या आधी मी घाई केली तर म्हणायची, "अहो, जरा ठहरा ना. कसली जल्दी आहे?"

ती बनारसच्याच एका मराठी घरातली, रामघाटाजवळच्या गल्लीत वाढलेली. तिच्या मराठीत निम्मी हिंदी असायची आणि मी ती सुधारायला गेलो की ती मुद्दाम आणखी घालायची. मी साताऱ्याकडचा, बँकेच्या बदलीवर आलो आणि तिच्यामुळे इथलाच होऊन बसलो. मागच्या थंडीत ती गेली. तेव्हापासून घरात मराठी बोलायला देवच तेवढे उरले आहेत, आणि त्यांच्याशी मी बहुतेक वेळा भांडतोच. मुलगी पुण्यात असते, पण शाळा-कॉलेज सगळं इथं झाल्यामुळे फोनवर ती हिंदीतच बोलते. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते.

आठ महिने गाडी जिन्याखाली उभी होती. पाऊस सरल्यावर बॅटरी चार्ज करून घेतली आणि चावी फिरवली. दिवे लागले, स्टार्टर फिरला, पण गाडी काही सुरू होईना. मिस्त्रीला बोलावलं. त्याने टाकीवर कान ठेवला आणि निकाल दिला, "पंप फुँक गया है, बाबूजी. पुरानी गाड़ी पर काहे खर्चा करेंगे, बेच दीजिए." मुलीला हे सांगितलं आणि चूक केली. तिने संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. "रविवार को आदमी आएगा, बाबा. वैसे भी अब आप जाते कहाँ हो?"

ती प्रेमानेच बोलली होती, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही गाडी गेली तर बायकोची थाप जिथे पडायची ती जागाच जाणार होती. हे मुलीला कसं सांगायचं ते मला कळेना. "बघतो," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

शनिवार उजाडला. सकाळीच सीट काढली, मोबाइलवर वायरिंगचा नकाशा उघडला आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. मिस्त्री म्हणतो म्हणून मी मान्य करावं, असा माझा स्वभाव नाही. पंपाच्या दोन तारा सोडवून त्यांना थेट बॅटरीची वीज दिली आणि उजवा कान टाकीला लावला. घूंऽऽ. पंप ठणठणीत होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज मी माझ्या कानाने ऐकत होतो. तिला हाच ऐकू यायचा तर. पुरेसं ऐकून झाल्यावरही मी तारा लगेच काढल्या नाहीत.

मग वीज अडत होती कुठे? बॅटरी आणि पंप यांच्या मध्ये एक काडेपेटीएवढी काळी डबी असते, तिला रिले म्हणतात. तिचं काम कळायला मला तासभर लागला आणि कळल्यावर ते बँकेतलंच निघालं. माझ्या एका सहीने शाखेतली जड तिजोरी उघडायची, पण ती मी स्वतः कधी ढकललेली नाही. तसंच इथे. चावी फिरवली की थोडीशी वीज रिलेला नुसता हुकूम देते, आणि रिले पंपाकडे जाणाऱ्या मोठ्या विजेचा दरवाजा उघडतो. रिलेवर बोट ठेवून चावी फिरवली. बोटाखाली टक् झालं. म्हणजे हुकूम पोचत होता, पुढचा रस्ता बंद होता.

रिले उपटून तो ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटमध्ये टॉर्च मारला. एका पट्टीवर हिरवट गंज चढला होता. त्या गंजावर लाल लगदा वाळून बसला होता आणि लगद्यात तांदळाचा एक दाणा.

इथले लोक यंत्रांची पूजा विश्वकर्मा पूजेला करतात, आमच्या घरी दसऱ्याला व्हायची. लोक हेडलाइटला कुंकू लावतात, माळ घालतात आणि मोकळे होतात. हिचं तेवढ्यावर भागायचं नाही. मला सीट काढायला लावायची आणि आत फुलाने गंगाजल शिंपडून हळद-कुंकू, अक्षता वाहायची. "वरून टिळा लावून काय होणार? गाडीची जान तर आत असते." दरवर्षी मी ओरडायचो, "अगं, वायरी आहेत आत, पाणी जाईल!" दरवर्षी तिचं उत्तर ठरलेलं. "गंगाजल आहे ते. त्याने कुठे काही बिगडतं का?"

बिघडलं होतं. मला हसूच फुटलं. "बघ! सांगत होतो की नाही!" असं मोठ्याने म्हणून मी मान वर केली, तर समोर जिन्याची भिंत. अख्ख्या संसारात तिच्याशी घातलेला एक वाद मी जिंकलो होतो आणि हार मानायला ती नव्हती. मी तिथेच पायरीवर बसून रडलो. शेजारचे वर जाताना दिसले, तेव्हा डोळ्यांत पेट्रोल गेल्याचं सांगितलं.

गंज काढायला जुना टूथब्रश आणि स्पिरिट आणून ठेवलं होतं. दोन वेळा ब्रश सॉकेटपर्यंत नेला. हात पुढे जाईना. ते तिने लावलेलं शेवटचं कुंकू होतं. शेवटी चौकात जाऊन नवं सॉकेट घेऊन आलो. जुन्याच्या मागून चारही तारा कापल्या आणि रंग बघून एकेक नव्याला जोडली. जोडावर टेप गुंडाळली, नव्यात रिले बसवला. जुनं सॉकेट होतं तिथेच बांधून ठेवलं. त्यात आता वीज नाही, नुसतं कुंकू आहे.

गाडी सुरू झाली. मुलीला फोन करून सांगितलं, त्या माणसाला येऊ नको म्हणावं. ती चक्क मराठीत म्हणाली, "बरं, बाबा."

संध्याकाळी गाडी फाटकाबाहेर काढली. हेल्मेट घातलं, चावी फिरवली आणि थांबलो. बटणावर अंगठा होता, तो दाबला मात्र जाईना. मी खांद्यावरच्या थापेची वाट बघत होतो, हे मला मागच्या रिक्षावाल्याने हाक मारल्यावर कळलं. "का चाचा, चलबा कि ना?"

त्याला हाताने पुढे जायला सांगितलं. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं, चावी परत फिरवली आणि वाकून उजवा कान टाकीशी नेला. आवाज थांबेपर्यंत तसाच थांबलो. आता तो ऐकायचं कामही माझ्याकडेच आलं होतं.